दीडशे मीटर

"ह्यो सेट घरात असा, जयवंता. आणि सांगता, कासवार असा."

शेवंतीकाकीने काउंटरवर गाठोडं ठेवलं आणि सोडलं. आत तिच्या नवऱ्याचा जुना जीपीएस सेट होता. राखाडी, जाड, हातभर वायर लोंबणारा. तो त्याच्या बारा वर्षं आधी लवूकाकाच्या होडीवर मीच बसवला होता आणि नुकताच, सप्टेंबरात, मीच काढून त्या जागी नवा बसवला होता. जुना काकाने घरी नेला. चालती वस्तू टाकायची त्याला सवय नव्हती.

कासव म्हणजे आमच्या आडबंदरच्या खाडीच्या तोंडाशी असलेला खडक. भरतीला बुडतो, ओहोटीला पाठ वर काढतो. दोन महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका सकाळी, लवू कोयंडे तांडेलाची, म्हणजे लवूकाका स्वतः नाखवा असलेली, होडी त्यावरच फुटली. दोघे खलाशी पोहून किनाऱ्याला लागले. लवूकाका मिळाला नाही. आणि मिळाला नाही म्हणून काकीने त्याचं दिवसकार्य केलं नव्हतं. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि रोज अकराच्या सुमाराला चुलीवर दोघांचा भात. गावाने समजावलं, भटजींनी समजावलं, मुलगी प्रणालीने रडून पाहिलं. काकीचं एकच पालुपद होतं, "समुद्रान परत दिलो नाय, म्हणजे अजून गेलो नाय."

"काकी, सेट कशाला बोलतोय?" मी हसत म्हटलं. "तो नुसते आकडे दाखवतो."

"आकडेच सांगतंय मी. प्रणालीन ते मोबायलात घातल्यान. मोबायलातल्या नकाशात टिपको पडलो तो थेट कासवार. एकदा नाय, आठ दिवस रोज बघतो. हलत नाय तो थयसून."

"मुलीने आकडा चुकवला असेल."

"मगे तू घाल. पण हय नाय. थय घरात येऊन बघ. अकराच्या आत ये."

मी तेव्हा पंचेचाळिशीचा होतो आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो. मेस्त्री आडनावाचे आमचे वाडवडील होड्या बांधायचे. मी होड्यांवरची यंत्रं बांधत होतो. वायरलेस, मासे दाखवणारा फिशफाइंडर, जीपीएस. दर वर्षी पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, पदरमोड करून कोचीला जायचो आणि नवीन काय आलंय ते शिकून यायचो. खाऱ्या हवेत थांबला तो गंजला, हे माझं ब्रीदवाक्य. दुकानात शिरलं की समोरच फ्रेममध्ये सर्टिफिकेट दिसायचं आणि गिऱ्हाइकाला ते दिसलं नाही तर मी तिथली धूळ पुसायचो. भुताखेताच्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. होडी फुटली तेव्हा गाव म्हणालं, तांडेलाला चकवा लागला. मी म्हटलं, मोतीबिंदू लागला.

तरी गेलो. एका म्हातारीचा वेडा हट्ट मोडायचा आणि तिला कार्याला मोकळं करून द्यायचं, इतकंच डोक्यात होतं.

कोयंड्यांचं घर खाडीच्या उत्तर काठावरचं शेवटचं. त्यापुढे खडक आणि मग पाणी. बोलत बोलत चाललो होतो. मीच जास्त बोलत होतो, कारण काकी बोलत नव्हती. लवूकाकाच्या नव्या सेटची हकिकत मी तिला पुन्हा सांगितली. खरं तर तिला ती ठाऊकच होती, त्या दिवशी माजघराच्या दाराबाहेर पहाऱ्याला तीच बसली होती.

तांडेलाच्या जागा हे त्याचं गुपित असतं. कुठे सुरमई लागते, कुठे पाण्याखाली खडप, म्हणजे खडक आहे, खाडीत शिरायची वाट नेमकी कुठून. भाऊ भावाला सांगत नाही. जुन्या सेटमध्ये काकाच्या एकशे बारा जागा होत्या. मी म्हटलं, केबल लावतो, कॉम्प्युटरवर घेतो, दहा मिनिटांत नव्यात घालतो. काका तडक उठला. "कंपूटर इसारता काय? नाय ना? मगे नको." आधी मला रवळनाथाच्या देवळात नेऊन नारळावर हात ठेवायला लावला. मग माजघरात दार लावून मी एकट्याने एकेक आकडा कागदावर उतरवला आणि कागदावरून नव्या सेटमध्ये घातला. तीन तास. शेवटी काकाने तो कागद माझ्या देखत चुलीत घातला आणि राख कालवली. मला त्याची गंमत वाटली होती.

"मोठो इश्वास होतो तेचो तुज्यार," काकी एवढंच म्हणाली.

अंगणात प्रणाली उभी होती. कॉलेजातून सुटी घेऊन आईपाशी राहिली होती. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. तिने सेट खिडकीतल्या फळीवर ठेवला, वायर स्कूटरच्या बॅटरीला जोडली. रोजची सवय झालेली दिसत होती. चुलीवर भाताचं आधण होतं. समोर खाडी, ओहोटी लागलेली, आणि दीडशेएक मीटरवर कासवाने पाठ वर काढलेली. दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात, मला ते घर आवडलं नाही. बाहेर लाटांचा आवाज होता आणि घरात अजिबात नव्हता.

"होडी वाटेत शिरली की तो तीनदा भोंगो वाजवी," काकी चुलीकडे बघत म्हणाली. "तेवढ्यात मी भात ठेवी. होडी लागून तो वर येयसर भात शिजे. त्या दिसा पाऊस इतको दाट की आंगणातली तुळस दिसा नाय. भोंगो आयकलंय. तीनदा. भात ठेवलंय. मगे लाकूड मोडल्याचो आवाज इलो."

प्रणाली म्हणाली, "दादा, सोमा खलाशी काय म्हणतो माहीत आहे ना? बाबा बाहेर बघतच नव्हते. स्क्रीनकडे बघत होते. स्क्रीनवर होडी बरोब्बर वाटेच्या रेघेवर होती. बरोब्बर मधोमध. आणि खालून दगड लागला."

"घाबरलेला माणूस काहीही सांगतो," मी म्हटलं.

तेवढ्यात सेटने उपग्रह पकडले आणि तो वाजला. पी, पी, पी. तीनदा. माझ्या मानेवर काटा आला, खोटं का सांगू. मग लक्षात आलं. काकाने घराची जागा त्यात साठवली होती, रोमन अक्षरांत 'घर' असं नाव देऊन. साठवलेल्या जागेशी पोचलं की सेट वाजतो. तसा गजर मीच लावून दिला होता. पडद्यावर तेच आलं होतं, घर आलं.

"बघ," काकी म्हणाली. "तो सांगता घराक पोचलंय. आणि आकडे सांगतत कासवार. मगे तो खय असा?"

मी माझा मोबाइल काढला. पडद्यावरचे आकडे एकेक करून नकाशात घातले. घाई केली नाही, दोनदा ताडून पाहिले. नकाशा हलला, थांबला आणि टिपका पडला. कोयंड्यांच्या घरात नाही. दक्षिणेला, पाण्यात. कासवाच्या पाठीवर.

मी मान वर करून खिडकीतून पाहिलं. कासवावर काही नव्हतं. एक बगळासुद्धा नव्हता. पण तिथे बघायला नको असं वाटलं आणि नजर काढून घेता येईना.

"पटला?" काकी म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "जुना सेट आहे. काहीतरी बिघडलं असेल. सेटिंग बघतो."

यंत्र हातात आलं की माझी भीती जाते. मेनूत शिरलो. एकेक पान उघडत गेलो. काकी खांद्यापाशी येऊन उभी राहिली, माझ्या अंगठ्याकडे बघत. वेळ बरोबर. मापं बरोबर. मग खाली, आणखी खाली. पाचव्या ओळीवर अंगठा थांबला. तिथे एक शब्द होता. एव्हरेस्ट.

आता हे साध्या भाषेत सांगतो. पृथ्वीची मापणी जुन्या लोकांनी एका रीतीने केली, तीच ही एव्हरेस्ट, आणि उपग्रहवाल्यांनी दुसऱ्या. त्यामुळे एकाच जागेला जुन्या रीतीत एक आकडा मिळतो आणि नव्या रीतीत दुसरा. फरक आमच्या किनाऱ्यावर दीडशेएक मीटरचा. दहा हात लिहिलेलं कोणी दहा फूट म्हणून वाचावं, तसं. काकाचा जुना सेट मी बारा वर्षांपूर्वी मुद्दाम जुन्या रीतीवर ठेवला होता, कारण तेव्हा त्याच्याकडे कागदी नकाशा होता आणि त्याच्याशी आकडे जुळायला हवे होते. नवा सेट नव्या रीतीचा. केबल लावली असती तर कॉम्प्युटरने हा फरक आपोआप काढला असता. मी कागदावर उतरवले आणि जसेच्या तसे घातले. एकशे बारा जागा. खाडीत शिरायची वाट त्यांतलीच एक.

वाट घराच्या अगदी खालून, काठ धरून जाते. ती दीडशे मीटर सरकली की कासव.

कोचीच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. वहीत मी ते लाल शाईने लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. सेट बदलताना पहिलं काम, मापणीची रीत जुळवा. ती वही दुकानात होती, सर्टिफिकेटच्या बरोबर खाली, खणात.

काकी बघत होती म्हणून मी नजर पडद्यावरच ठेवली. दोन गोष्टी एकदम मनात आल्या. पहिली ही की काकाने केबल लावू दिली असती तर हे झालं नसतं. ती इतक्या चटकन आली की मला माझीच शिसारी आली. दुसरी गोष्ट मी दोन महिने दाबून ठेवली होती.

होडी फुटायच्या आठ दिवस आधी लवूकाका दुकानात आला होता. टोपी हातात धरून उभा राहिला. "जयवंता, ह्यो नवो सेट वाट जरा बाजूक दाखयता असा माका वाटता." दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी हसलो. "काका, यंत्र चुकत नाय. तू डोळे दाखवून घे. मोतीबिंदू असा तुका." सगळे हसले. काकाही हसला. "बरा, तू शिकलेलो. आता डोळ्यांपरास तेच्यारच इश्वास ठेवतंय," असं म्हणून गेला.

"काय झाला?" काकीने विचारलं. "काय दिसला तुका?"

"काही नाही. सेटिंग जुनी होती. बदलतो."

मधलं बटण दाबलं. आकडे थरथरले आणि बदलले. "आता घाल," मी प्रणालीला म्हटलं. तिने तिच्या मोबाइलमध्ये आकडे घातले. तिने मोबाइल आईपुढे धरला. टिपका पाण्यातून उठून घरात आला होता, खिडकीच्या आत, चुलीजवळ.

"इलो?" काकी म्हणाली.

"इलो," तिने स्वतःच उत्तर दिलं. मग तिने आधणात तांदूळ वैरले. ताट काढलं. दोन्ही हात गळ्यामागे नेऊन मंगळसूत्र काढलं आणि सेटच्या बाजूला फळीवर ठेवलं. हे सगळं इतक्या शांतपणे की प्रणालीला रडायलाही उशीर झाला.

मी निघायला उठलो तेव्हा काकीने हाक मारली.

"जयवंता. आधी ह्यो चुकीचा सांगी होतो ना?"

"हो."

"मगे तेका... होडयेर... नव्यान पण चुकीचाच सांगल्यान?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, भाताकडे बघत होती. सोप्या शब्दांत, कुठलंही सर्टिफिकेट न घेता, तिने तीन तासांचं काम एका प्रश्नात आणून ठेवलं होतं. मी तोंड उघडलं.

"नाय, काकी. ता वेगळा मशीन."

"बरा," ती म्हणाली. "तुज्याकडसून इलो त्या दिसा माका म्हणालो, शेवंते, माजेच डोळे गेले." मग तिने माझ्यासाठी पाट मांडला. "जेवन जा."

मी जेवलो. तिने लवूकाकाच्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं आणि मी मान खाली घालून तो भात गिळला.

त्याच दुपारी मी बंदरावर धावलो. हाताने जागा उतरवून दिलेल्या आणखी चार होड्या होत्या. चारही तांडेलांना मी एकच थाप मारली. "नवीन अपडेट आलाय. फुकट करून देतो." एकेका सेटमधल्या जागा दुरुस्त केल्या. अंकुश तांडेल खूश झाला. "बरा झाला. मी म्हणी होतंय, ह्या वर्सा मासो सरकलो कसो?" मीही हसलो. अजूनही माझ्या हसण्याचा तो आवाज मला आठवतो आणि कान झाकावेसे वाटतात.

लवूकाकाचं कार्य झालं. गाव म्हणालं, जयवंताने म्हातारीला शुद्धीवर आणलं. त्यानंतर दर वर्षी त्या तिथीला काकी मला जेवायला बोलवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ह्येनी तेका घराक हाडलो," म्हणजे ह्याने त्याला घरी आणला. मी दर वर्षी जायचो. दर वर्षी सांगायचं ठरवून जायचो आणि जेवून परत यायचो. बारा वर्षं.

गेल्या मार्गशीर्षात काकी गेली. तेराव्यानंतर चार दिवसांनी प्रणाली दुकानात आली, तेच गाठोडं घेऊन. ती आता कुडाळला नर्स आहे.

"आईने तुम्हाला द्यायला सांगितलंय."

सेट मी बॅटरीला जोडला. चालू झाला. सवयीने मेनू उघडला, पाच वेळा खाली. एव्हरेस्ट.

"ही सेटिंग कोणी बदलली?" मी विचारलं.

"आईने. रोज." प्रणालीने स्टूल ओढून घेतलं. "त्या दिवशी तुम्ही कुठली बटणं दाबलीत ते तिने बघून ठेवलं होतं. पाच वेळा खाली, एकदा मधलं. सकाळी चहा झाला की ती बाबांना कासवावर पाठवायची. अकराला परत घरी आणायची आणि भात ठेवायची. बारा वर्षं, एक दिवस खाडा नाही. शेवटच्या दिवशी सकाळी पाठवलं आणि नऊला तिला अ‍ॅटॅक आला. आणायचं राहिलं."

ज्या बाईला आकडा वाचता येत नव्हता, तिला ते एक बटण काय करतं हे पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

"प्रणाली," मी म्हटलं, "चूक माझी होती. बाबांच्या नव्या सेटमध्ये—"

"माहीत आहे, दादा. आईला त्याच दिवशी कळलं. मला तिने मागाहून सांगितलं."

"मग दर वर्षी जेवायला का बोलवायची?"

"वाट बघायची. तुम्ही सांगाल म्हणून." तिने रिकामं फडकं घडी घालून पर्समध्ये ठेवलं. "दवाखान्यात नेताना म्हणाली, सेट जयवंताक दी. तेका सांग, ज्येनी धाडल्यान त्येनीच हाडूक व्हयो."

ज्याने पाठवलं, त्यानेच आणायला हवा.

ती गेल्यावर मी बटण दाबलं. तेव्हापासून रोज अकरा वाजता दाबतो. सर्टिफिकेट भिंतीवरून काढलं आणि त्या जागी फळी ठोकून सेट ठेवला आहे. गिऱ्हाइकं विचारतात, मी सांगतो, जुना माल आहे, आठवण म्हणून ठेवलाय.

सकाळी त्याला परत कासवावर पाठवायचं काम मात्र मी करत नाही. कधीच केलेलं नाही. दुकानाची किल्ली माझ्याकडे एकट्याकडे असते. तरी रोज अकरा वाजता मेनू उघडतो तेव्हा पाचव्या ओळीवर एव्हरेस्टच असतं. आतली बॅटरी गेली असेल, असं कोणीही शिकलेला माणूस म्हणेल. पण ती गेली की यंत्र कारखान्यातल्या सेटिंगवर जातं, आणि ह्याची कारखान्यातली सेटिंग एव्हरेस्ट नव्हे. मी ते पुस्तकात तपासलं आहे.

सेट मी उघडून पाहिलेला नाही. अकरा वाजले की हातातलं काम ठेवतो, पाच वेळा खाली जातो आणि मधलं दाबतो.